करवंदांवरचा आळ

खंडाळ्याच्या एका हॉटेलात प्रज्ञेश हॉलचं काम बघायचा. माइक लावायचा, प्रोजेक्टर जोडायचा आणि भाषण सुरू झालं की मागच्या भिंतीला टेकून डुलकी काढायचा. कॅन्सरच्या डॉक्टरांची परिषद भरली तेव्हा मात्र त्याचा डोळा लागला नाही. वलवणला घरी त्याच्या आईच्या, चंपाबाईच्या, छातीत गाठ निघाली होती आणि केमो नुकती सुरू झाली होती.

भाषण इंग्रजीत होतं, आणि प्रज्ञेशचं इंग्रजी पाहुण्यांना बाथरूम दाखवण्यापुरतं. पण पडद्यावर गाठीचं चित्र आलं, तिच्याभोवती लाल कडं आलं, आणि वक्ता पुन्हा पुन्हा जो शब्द म्हणत होता तो याच्या चांगल्या ओळखीचा निघाला. ॲसिडिटी. गाठीभोवती ॲसिडिटी असते, आणि तिच्यात गाठ फोफावते, एवढं त्याला कळलं.

आता ॲसिडिटी आपल्याकडे कुणाला कळत नाही? छातीत जळजळ, करपट ढेकर आणि 'आंबट खाऊ नको' असा घरच्यांचा हुकूम. झालं. गडी अर्ध्या हळकुंडाने पिवळा होऊन घरी आला.

आल्या आल्या त्यानं फर्मान काढलं की आजपासून चिंच, लिंबू, ताक, आमसूल सगळं बंद. करवंदाचं तर नाव काढायचं नाही. चंपाबाई ऐकत राहिली. तिचं उभं आयुष्य करवंदांत गेलं होतं. उन्हाळा आला की डोंगरावरून पाटी भरून आणायची, पानांच्या द्रोणात घालून घाटातल्या पॉइंटवर पर्यटकांना विकायची, विकता विकता चार तोंडात टाकायची. त्याच करवंदांवर प्रज्ञेश शिकला होता.

"व्हय रं? आंबटानं वाढती गाठ?" तिनं एवढंच विचारलं.

"मोठ्या डॉक्टरांनी सांगितलंय, आई. माझ्या कानांनी ऐकलंय."

दुसऱ्या दिवशी लोणच्याची बरणी चंपाबाईनं स्वतःच उकिरड्यावर रिकामी केली. प्रज्ञेशला बरं वाटलं. रोज सकाळी पाण्यात खायचा सोडा कालवून तो तिला पाजू लागला आणि ती नाक मुरडत का होईना, पिऊ लागली.

केमोनं तिच्या तोंडाची चव गेली. भात मातीसारखा लागायचा, दूध पोटात ठरायचं नाही. प्रज्ञेशची बायको यशोधरा एकदा म्हणाली, चिंचेचं सार करून बघू का, तेवढं तरी गिळतील. प्रज्ञेश तिच्यावर असा डाफरला की तिनं पुन्हा विषय काढला नाही. शेजारची कस्तुराबाई हिरव्या करवंदांची चटणी घेऊन आली, तेव्हा तर त्यानं कहर केला. म्हातारीच्या हातातली वाटी घेतली आणि तिच्या देखत अंगणात उपडी केली. कस्तुराबाई वाटी उचलून गेली. चंपाबाई भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

केमोच्या पुढच्या खेपेला सोमाटण्याजवळच्या दवाखान्यात वजन केलं, रक्त तपासलं, आणि डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. बाई फार खंगल्यात, आज केमो देता येणार नाही, असं त्या म्हणाल्या. मग जेवणाची चौकशी सुरू केली. चंपाबाई म्हणाली, "लेक लय जपतो वो मला. आंबटाला शिवू देत न्हाई."

डॉक्टरीणबाईंनी प्रज्ञेशकडे बघितलं. त्यानं परिषदेचं सांगितलं, सोड्याचंही सांगितलं. शाबासकी मिळेल असं त्याला अजूनही वाटत होतं.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी चंपाबाईला बाहेर बाकावर बसवलं आणि याला समजावलं. ऐकलंत ते खरं आहे, पण उलटं ऐकलंत. गाठ अधाशासारखी साखर जाळते आणि आपलं आंबट सांडपाणी आपल्याच दारात सोडते. त्या सांडपाण्यात शेजारच्या चांगल्या पेशी मरतात, गाठीला पसरायला रान मोकळं होतं. ते आम्ल गाठीतून येतं, ताटातून नाही. आपण काय खातो त्यानं रक्ताची आंबटाई बदलत नाही, ती फुप्फुसं आणि मूत्रपिंडं सांभाळतात. सोडा आजच बंद करा, त्यानं अपाय होईल. तोंड आलेलं नाही, तेव्हा आंबट खुशाल द्या, नीट धुऊन. जे गिळेल ते द्या. अंगात ताकद आली तरच पुढचं औषध देता येईल.

चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती त्यानं. आणि फासावर चढली होती ती आई. बाहेर बाकावर ती एवढीशी दिसत होती. आपल्या हातानं आपण आईला उपाशी मारलं, हे त्याला तिथं उभ्या उभ्या कळलं.

परतताना जुन्या हायवेवर एक बाई करवंदं घेऊन बसली होती. त्यानं रिक्षा थांबवून द्रोण घेतला. चंपाबाईनं तोंड फिरवलं. अशा बायका दिसल्या की ती हल्ली नेहमीच तोंड फिरवायची. मन मारते बिचारी, असं इतके दिवस त्याला वाटत आलं होतं.

घरी त्यानं करवंदं धुऊन तिच्या पुढ्यात ठेवली. ती हात लावीना.

"खा आई. माझं चुकलं. मी उलटं ऐकलं. आंबटाचा आणि गाठीचा काही संबंध नाही. मी तुला उगाच उपाशी ठेवलं."

"म्हंजी गाठ करवंदानं न्हाई झाली?"

"नाही गं."

"नीट इचारलंस का? पुन्ना चुकीचं आयकलं आसशील."

"नीट विचारलं. शपथ."

तिनं एक करवंद उचललं, पण तोंडात घातलं नाही. बोटांत फिरवत राहिली. तिचे डोळे भरून आले होते.

"मग येक सांग," ती म्हणाली. "म्या जल्मभर घाटात लोकास्नी करवंदं इकली. ल्हान ल्हान पोरं खायाची, हात पुढं करून मागायची. रोज पडल्या पडल्या त्यांची त्वांडं दिसत्यात मला. त्यास्नी काय व्हनार न्हाई ना रं?"