टेस्टिंगची कॅसेट

दचकू नका, मी बोलतेय. टेबलाच्या खणात रुमालात गुंडाळून ठेवलेली राखाडी कॅसेट आहे ना, तीच मी. खरं सांगायचं तर तुमच्यापेक्षा मीच जास्त दचकते. आयुष्यभर कुणी ना कुणी बटण दाबत आलं, ‘खटाक्’ आवाज होत आला आणि माझ्या पोटातली फीत थरथरत आली. माणसांना म्हणे कशाचीही सवय होते. मला काही झाली नाही.

माझ्या अंगावर निळ्या शाईत लिहिलंय, ‘टेस्टिंग. विकायची नाही.’ शाई आता फिकी पडलीय, पण तेच माझं नाव, गाव आणि शिक्षण. माझ्याबरोबर खोक्यातून आलेल्या बाकीच्या कॅसेटी विकल्या गेल्या. कुणी लग्नघरी गेली असेल, कुणी कॉलेजच्या मुलीच्या उशाशी. मी मात्र रेडिओ-टेपरेकॉर्डर दुरुस्तीच्या एका अरुंद दुकानात राहिले. एक टेबल, मान वाकवता येणारा एक दिवा, सोल्डरिंगचा कडवट धूर आणि भिंतभर पोट फाडून ठेवलेली मशीनं. पहिल्या दिवशी ती बघून मला वाटलं, हा दवाखाना आहे की खाटीकखाना!

दुकानाच्या मालकांना गिऱ्हाइकं ‘मेकॅनिक’ म्हणायची. मी त्यांच्या मुलांसारखं ‘बाबा’च म्हणते. मशीन दुरुस्त झालं की पहिली उडी माझी. ज्या मशीनच्या तब्येतीची खात्री नाही, त्यात गिऱ्हाइकाची लाडकी कॅसेट कशी घालायची? विंचवाच्या बिळात बोट घालायचं ते माझंच. बाबा लाल बटण दाबून घसा खाकरायचे आणि म्हणायचे, “टेस्टिंग, टेस्टिंग. ऐकू येतंय का?” मग तेच परत वाजवून स्वतःलाच उत्तर द्यायचे, “येतंय की!” कित्येक मशीनांनी माझी फीत गिळली. बाबा ती हळूच ओढून काढायचे, सरळ करायचे, आणि पुढच्या मशीनपाशी माझी पुन्हा धाकधूक सुरू.

बाबांना दोन मुलं. आई लवकर गेलेली, त्यामुळे शाळा सुटली की दोघं दुकानातच. थोरला मुलगा, त्याला बाबा ‘कानसेन’ म्हणायचे. “तानसेन काही होत नाही हा, कान मात्र लांब झालेत.” धाकटी मुलगी ‘पिपाणी’. तिचा आवाज बारीक, टोकदार आणि कायम एक पायरी वर. ती हाक मारायची तेव्हा फळीवरचे स्क्रूसुद्धा किणकिणायचे.

दुरुस्तीला येणाऱ्या मशीनच्या पोटात बहुतेक वेळा कुणाची तरी कॅसेट अडकलेली असायची. बाबा ती सोडवायचे, आणि गिऱ्हाईक यायच्या आत कानसेन ती ऐकून टाकायचा. निवड त्याची नसायची. जे अडकेल ते ऐकायचं. कधी लष्करी बँड, कधी प्रार्थना, कधी परदेशी भाषेचे धडे, कधी कुणाच्या बाळाचं रडणं. सगळ्याला एकच मान. कान मशीनला टेकलेला, डोळे मिटलेले.

“अरे, ती व्यायामाची कॅसेट आहे,” पिपाणी म्हणायची. “हात वर, हात खाली. त्यात काय ऐकायचं, डोंबल?”

“तो माणूस ‘तीन’ म्हणताना श्वास घेतो बघ. तिथे ताल मोडतो. काय सुंदर मोडतो!”

“तुझं डोकं पण तिथेच मोडलंय, दादा.”

बाबा मान न उचलता म्हणायचे, “भांडा, पण दातांच्या डॉक्टरांचा टेपरेकॉर्डर खाली ठेवून भांडा.”

मग एक दिवस कानसेनने स्वतःची चाल केली. माउथ ऑर्गन होता, आणि ठेक्याला स्क्रूंचा डबा. ते त्याने एका जुन्या कॅसेटवर भरलं. ती कॅसेट एका गिऱ्हाइकाच्या मशीनवर वाजवायची, पिपाणीने समोर उभं राहून गायचं, आणि दोन्ही मिळून दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या मशीनमध्ये माझ्यावर उतरवायचं. तेच त्यांचं रेकॉर्डिंग. शब्द पिपाणीचेच, तिथल्या तिथे सुचलेले: ‘शटर पाडलं, आत राहिला दिवा.’ बाबांनी विचारलं, “दिव्याचं बिल कोण भरणार?” ती इतकी हसली की पहिला प्रयत्न तिथेच गेला.

घोळ असा की मशीनं रोज वेगळी. एक जरा पळणारं, एक रेंगाळणारं. पळणाऱ्या मशीनवर चाल आपोआप वर चढायची. काल ज्या सुरात पिपाणी आरामात गायली, तो आज हात पुरणार नाही इतका उंच. बिचारी टाचा उचलून गायची, जणू सूर फळीवरच ठेवलाय. आणि कानसेनला तसंच आवडायला लागलं.

माझी वाटणी झाली होती. पहिली बाजू दुकानाची, दुसरी पोरांची. माझ्या पाठीवर प्लॅस्टिकच्या दोन खिट्ट्या असतात. ज्या बाजूची मोडाल त्या बाजूवर पुन्हा काही भरता येत नाही. पिपाणीला हे कळल्यावर ती मागेच लागली, “दादा, आपली खिट्टी मोडून टाक ना. आपलं गाणं कायमचं राहील.”

“थांब गं. अजून सुधारायचंय.”

तो थांबला नाही, ती थांबली. काही वर्षांनी तो मोठ्या शहरात गेला, एका स्टुडिओत आधी वायरी गुंडाळायला आणि मग वाद्यं सांभाळायला. निघताना दुकानाच्या पायरीवर म्हणाला, “तुझ्या आवाजाचं गाणं सुचलं की बोलावतो.”

“बोलावशील ना?”

“वेडी आहेस का!”

हे उत्तर नव्हतं. पण तिने ते उत्तर समजून जपलं.

कानसेन संगीतकार झाला. ही बातमी दुकानात वर्तमानपत्रातून आली नाही, मशीनमधून आली. बाबांनी एक टेपरेकॉर्डर उघडला आणि आत अडकलेल्या कॅसेटवर त्याचं गाणं! बाबांनी गिऱ्हाइकाला मशीन उशिरा दिलं. पिपाणी काउंटरवर हनुवटी टेकून ऐकत बसली. “हा ठेका व्यायामाच्या कॅसेटचा,” ती म्हणाली. “आणि हा मधला बँड, तो बुटांच्या दुकानवाल्याकडचा. चोर आहे नुसता!” बोलताना तिचा चेहरा उजळला होता.

मग एकदा आमचीच चाल वाजली. शब्द दुसरे, वाद्यं पन्नास, आणि गाणारी नावाजलेली गायिका. पिपाणी उभीच राहिली. गाणं संपल्यावर म्हणाली, “छान गायलीय हो.” मग फडकं घेऊन तिने काउंटर पुसला. तो आधीच स्वच्छ होता.

दर थोड्या दिवसांनी त्याचं पत्र यायचं. कामाचं, जेवणाचं, ऐकलेल्या नवनव्या गोष्टींचं. बोलावण्याचं नसायचं.

आता जे सांगायचंय ते सांगताना मला अजून कापरं भरतं.

दुकानात एक नव्या पद्धतीचं मशीन आलं. गिऱ्हाइकाची तक्रार, भरता भरता मधेच बंद पडतं. पूर्ण बाजू चालतं का बघायला बाबांनी मला आत घातलं, लाल बटण दाबलं आणि दुसऱ्या कामाला लागले. मी निश्चिंत होते, पहिली बाजू म्हणजे दुकानाची. बाजू संपली. मी ‘खटाक्’ची वाट बघत होते. खटाक् झालंच नाही. मशीन आतल्या आत वळलं आणि आपण होऊन माझ्या दुसऱ्या बाजूवर भरू लागलं. असली मशीनं असतात, हे बाबांना माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. पोरांची बाजू इंच इंच पुसली जात होती, आणि मला ओरडता येत नव्हतं.

नेमकी तेव्हाच पिपाणी डबा घेऊन आली. दोघं जेवायला बसली. त्यांचं बोलणं तिच्याच गाण्यावर भरत गेलं.

“त्याला लिही ना एकदा,” बाबा म्हणाले. “विचार तरी.”

“मी नाही विचारणार. त्याने बोलवायला हवं.”

“आणि नाहीच बोलावलं तर?”

“तर नाही. तुमचं मीठ कमी झालंय का बघा.” डब्याची झाकणं वाजली. मग ती म्हणाली, “एक सांगू? त्याला अजून माझ्याच आवाजात सुचतं, बाबा. प्रत्येक गाणं बघा, टाचा उचलूनच गायला लागतं. त्या गायिका बिचाऱ्या कशा ओढतात सूर! त्याला ठाऊकच नाही. मला तेवढं पुरे आहे.”

“पुरे आहे?”

“नाही,” ती म्हणाली. “पण सांगू नका त्याला.”

मग तिचं लक्ष गेलं. “बाबा, हे अजून का फिरतंय?”

बाबांनी घास टाकून बटण दाबलं. मला बाहेर काढलं, बाजू पाहिली आणि खुर्चीत बसले ते बसलेच. इतकी मशीनं बरी केलेला माणूस, एका मशीनने त्याला असं फसवलं. पिपाणीने मला त्यांच्या हातातून घेतलं. ते ऐकायला निघाले तर म्हणाली, “नको. नका ऐकू. तो तरी कुठे मागतोय?” तिचा आवाज तेव्हा बारीक नव्हता.

संध्याकाळी बाबांनी स्क्रूड्रायव्हरने माझी ती खिट्टी मोडली. वरातीमागून घोडं. टेस्टिंगला दुसरी कॅसेट आली आणि मी फळीवर गेले.

पुढे बाबा गेले. पिपाणी एकटीच दुकानात बसायची. मशीनं यायची थांबली, तरी शटर रोज उघडायची. मग तिचा आजार आला. मुक्काम ठोकून राहिला आणि जाताना तिला घेऊन गेला.

कानसेन आला तेव्हा त्याचे केस पांढरे झाले होते. त्याच्याबरोबर त्याची रेकॉर्डिस्ट होती, तरुण मुलगी. दुकान रिकामं करताना त्याने माझ्यावरची धूळ फुंकली आणि खाली बसला. “हीच ती,” तो म्हणाला. “हिच्यावर माझी बहीण गायलीय. मी तिला कधी बोलावलं नाही. आज बोलावू, उद्या बोलावू. आता हे गाणं तिच्याच आवाजात बाहेर काढायचं. तिच्या नावाने.”

मला त्याच्या खिशात गुदमरायला झालं. कसं सांगू त्याला?

स्टुडिओ थंडगार होता. भिंतींना गाद्या लावलेल्या, बाहेरचा आवाज नाही. रेकॉर्डिस्ट बोलकी होती. “सर, तुमच्या चाली इतक्या वर का असतात? सगळ्या गायिका कुरकुरतात.”

“मला खालचं सुचतच नाही,” तो म्हणाला. “लाव.”

बटण दाबलं गेलं. स्क्रूंचा डबा वाजला नाही. डबा वाजला तो जेवणाचा. ‘त्याला लिही ना एकदा,’ बाबा म्हणाले.

रेकॉर्डिस्ट गोंधळली. “सर, गाणं पुढे असेल. पुढे नेऊ का?”

“हात लावू नकोस.”

तो सगळं ऐकत गेला. मीठ, टाचा, गायिका. ‘पुरे आहे?’ ‘नाही.’ त्याने चष्मा काढला आणि पुसायचा विसरला. ‘हे अजून का फिरतंय?’ आणि बाबांच्या बटणाचा खटाक्.

मला वाटलं, संपलं. पण बाबांनी मशीन बंद केलं तेव्हा थोडी फीत उरली होती. मलाच त्याचं भान नव्हतं. गाणं सगळं गेलं होतं. राहिली होती ती गाणं संपल्यानंतरची शांतता, धापा टाकणारी, आणि त्या शांततेत शाळकरी पिपाणी.

“जमलं का, दादा?”

“नाही. शेवटी चिरकलीस. पुन्हा.”

“बरं,” ती म्हणाली. एवढंच. पुढे कोरी फीत, नुसती सळसळ.

रेकॉर्डिस्टने मान खाली घातली. कानसेन उठला, स्पीकरच्या अगदी जवळ गेला. आयुष्यभर मशीनला कान लावून ऐकत आलेला माणूस त्या दिवशी पहिल्यांदा मशीनच्या कानात बोलला. “जमलं होतं गं. तेव्हाच जमलं होतं.”

मी ते ऐकलं. पण माझ्यावर ते उमटलं नाही. मी वाजत होते ना. वाजणाऱ्या कॅसेटला काही ठेवून घेता येत नाही.

आता मी त्याच्या खणात असते. त्याने चाली करणं थांबवलंय. ऐकतो मात्र अजून, जे कानावर पडेल ते. माझी नक्कल रेकॉर्डिस्टने काढून दिलीय, त्यामुळे मला कुणी वाजवत नाही. फितीवर आवाज धरून ठेवणारी भुकटी झडायला लागलीय. ‘बरं’ हा शब्द आधी जाईल की ‘पुन्हा’, याची मला रात्रंदिवस काळजी लागून असते.

तुमच्या घरात कुणी नुकतंच गाऊन थांबलं असेल, तुमच्याकडे बघत उभं असेल, तर एवढं करा. चूक उद्या सांगा. आज काय सांगायचं ते तुम्हाला माहीत आहे. आणि ते तोंडावर सांगा. माझ्यासारखीच्या भरवशावर राहू नका.