शेळ्यांनी नाकारलेली बादली

अळीपालनाला पर्यावरणपूरक असल्याचा दाखला मिळाला तर पदरात काय पडणार, हे थोरल्या जावेने बोटांवर मोजून ठेवलं होतं. एक, माशांच्या खाद्याचा कारखाना तिच्या शेडमधल्या सगळ्या अळ्या उचलणार. दोन, आणखी चाळीस ट्रे. तीन, 'किडे पाळते' म्हणून नाक मुरडणारी गल्ली तिचा सल्ला घ्यायला येणार. तिसरं बोट ती जरा जास्तच दाबून मोजायची.

अट एकच: अळ्यांना वाया जाणारंच अन्न घालायचं.

"कॅन्टीनची सालं, देठं. टाकूनच देत होते हो," थोरली म्हणाली. दाखल्यासाठी आलेल्या तपासनीस बाईंनी ट्रेमध्ये हात घातला. "अगंबाई, गरम आहेत की!" त्या लहान मुलीसारख्या हसल्या. थोरलीने तिसरं बोट पुन्हा दाबलं.

तेवढ्यात कॅन्टीनची गाडी आली. गाडीमागून सात शेळ्या, आणि शेळ्यांमागून धापा टाकत धाकटी जाऊ. शेळ्यांनी थेट सालांत तोंडं घातली.

"गाडीशी जुनी ओळख दिसते," तपासनीस बाई म्हणाल्या.

"नसायला काय झालं! तीन वर्षं माझ्याच दारात रिकामी व्हायची. आता मी दाणा विकत आणते. जाऊबाईंच्या अळ्या पडल्या मोठ्या घरच्या!"

"म्हणजे अळ्यांपायी शेळ्यांच्या दाण्यासाठी कुठेतरी जास्तीचं शेत पेरावं लागतंय." बाईंनी पेनाला टोपण लावलं. "हे वाया जाणारं कसं?"

थोरलीची तिन्ही बोटं मिटली. इतक्यात एका शेळीने गाडीतल्या आंबलेल्या खरकट्याच्या बादलीत नाक घातलं, फडाफडा शिंकली आणि पाठ फिरवली.

"बाई, टोपण काढा!" थोरली ओरडली. तिने बादली ट्रेमध्ये उपडी केली, वर ओंजळभर अळ्या सोडल्या. बघता बघता अळ्या आत गडप! "शेळी नको म्हणेल तेच आमचं! बाकी सगळं हिचं!"

"हे खरकटं एरवी कुठे जातं?" बाईंनी गाडीवाल्याला विचारलं.

"उकिरड्यावर. रोज सहा बादल्या. नुसतं सडतं."

"आणि सडताना हवा बिघडवतं!" बाई आता थोरलीपेक्षा मोठ्याने बोलत होत्या. "पंधरा दिवस अळ्या किती खरकटं संपवतात त्याची वजनं लिहा. जमलं तर सही माझी."

"आणि माझ्या शेळ्यांना तपासणीचा पगार?" धाकटी म्हणाली.

सोळाव्या दिवशी सही झाली. धाकटीला सालं परत मिळाली, कारखान्याला अळ्या, थोरलीला दाखला आणि नाकाला कायमचा रुमाल. झळ बसली ती उकिरड्यावरच्या कावळ्यांना. त्यांची रोजची सहा ताटं गेली, आणि त्यांना कुणी विचारलंसुद्धा नव्हतं.