शनिवारी नाचलीस तर

शिरसीच्या सिंचनाचा यक्षगानाच्या खेळात नाचताना पाय घसरला आणि मुकुट कपाळावर आला, एवढंच झालं होतं. पण कुणीतरी ते टिपलं, त्याला म्हशीचं हंबरणं जोडलं आणि कॉलेजच्या ग्रुपवर सोडलं. सगळे हसले. सिंचनाही हसली. न हसून करते काय?

मग एका निनावी खात्यावरून तिला एका चॅटचा फोटो आला. तिच्या नावाने तिच्या यक्षगानाच्या गुरूंना, गणपती हेगडेंना, लिहिलेले प्रेमाचे मेसेज. सगळे बनावट. शनिवारच्या खेळात तिची मोठी भूमिका होती. फोटोखाली एक ओळ: "शनिवारी नाचलीस, तर हे गावभर जाईल."

तिचं जेवण सुटलं. फोन थरथरला की ती तो उशीखाली सारायची. अम्मा म्हणायची, "परीक्षेची धास्ती घेतलीय पोरीने."

शेवटी मैत्रीण शाल्मलीने तिला कॉलेजच्या मागे गाठून बोलतं केलं. "पुसू नकोस हे. अप्पांना दाखव."

"अप्पा फोन काढून घेतील. नाचही बंद."

"आणि हा मेला उद्या आणखी काही मागेल, ते?"

अप्पा सुपारी निवडत बसले होते. तिने त्यांच्यापुढे फोन धरला. त्यांनी वाचलं, पुन्हा वाचलं आणि उठून चपला घातल्या. सिंचना वाटेत आडवी आली.

"अप्पा, मी नाही लिहिलं हो!"

"मी विचारलं का तसं? चल, आधी हेगडेंकडे. मग पोलिसांत."

हेगडे वाचून पांढरेफटक पडले.  मग म्हणाले, "भूमिका तुझीच. माझ्या बायकोला मी सांगतो."

तक्रार झाली. शाल्मलीने ग्रुपवर लिहिलं, "सिंचनाबद्दल खोटं काही आलं तर पुढे पाठवू नका. म्हशीचा व्हिडिओ मीही पाठवला होता. चुकलं माझं."  मग एकाने लिहिलं, "माझंही."

शनिवारी चंडेचा ढोल कडाडू लागला आणि प्रेक्षकांत फोन किणकिणले. फोटो पसरला होता. मागे कुणीतरी फिदीफिदी हसलं. पुढच्या रांगेतून हेगडेंची बायको उठून मागे वळली. "खेळ इकडे आहे. इकडे बघा!"

सिंचना रंगमंचावर आली. पहिला ताल चुकला. दुसरा सापडला.

पोलिसांच्या तपासात ते खातं निघालं धन्यश्रीचं. तालमीत रोज शेजारी उभी राहणारी, तीच भूमिका आपल्याला मिळेल म्हणून वाट पाहणारी. आईला घेऊन माफी मागायला आली, हमसून हमसून रडली.

"तोंडावर भांडायचं होतंस गं माझ्याशी," सिंचना म्हणाली.  ती आत निघून गेली.