शकुबाईची साक्ष

आदिलाबादकडच्या बेला गावाजवळ एक खेडं होतं; तिथं ख्रिस्ती घरं थोडीच होती. पाळक सुधाकरराव आदिलाबादला राहत आणि महिन्यातून एखाद्या रविवारी येत. एरवी कौलारू प्रार्थनाघरात उभं राहून प्रार्थना सांगायचा तो फकिरा. तरुणपणी तो पार दारूत बुडाला होता. बाप्तिस्मा घेतला त्या दिवसापासून त्यानं बाटलीला हात लावला नाही. आपल्याला कोणीतरी हाताला धरून वर काढलं, हे त्यानं स्वतः अनुभवलं होतं. त्यामुळे देवाबद्दल त्याच्या मनात कधी किंतु आला नाही.

त्याची बायको शकुबाई प्रार्थनेला बसायची, पण मधेच डोळे उघडून बघायची.

"आपण एवढं बोलून राह्यलो, तो आयकते काय?" तिनं एकदा नवऱ्याला विचारलं.

"सैतान बोलून राह्यला तुया तोंडानं," फकिरा म्हणाला. तिनं पुन्हा विचारलं नाही.

सत्त्याऐंशी सालच्या भादव्यात गावात ताप शिरला. थंडी वाजून यायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा. त्याच सुमारास लांबून एक प्रचारक जीपगाडी घेऊन आला. हिंदीत बोलायचा. आजाऱ्यांच्या डोक्यावर हात ठेवून तो मोठ्यानं प्रार्थना करायचा. जाताना म्हणाला, "दवा लेना मतलब शक करना. और शक करनेवाले की दुआ ऊपर नहीं जाती." फकिरानं ते प्रार्थनाघरातल्या मंडळीला मराठीत समजावून सांगितलं. लोकांनी माना डोलावल्या.

मग त्याच्याच मोठ्या पोराला, शमुवेलला, ताप भरला.

"बेल्याले डॉक्टर हाये. नेऊ ना लेकराले," शकुबाई म्हणाली.

"देव काय बेल्यातच राहते काय?"

फकिरा पोराच्या उशाशी गुडघे टेकून बसला. जेवला नाही, शेतावर गेला नाही. शमुवेल बरळायला लागला, मग त्याला झटके येऊ लागले. शकुबाई ओल्या फडक्यानं त्याचं कपाळ पुसत होती आणि नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होती. त्या तोंडावर भीती नव्हती. तेच तिला सहन होत नव्हतं. भरदुपारी बापाची प्रार्थना चालू असताना पोराचा श्वास थांबला. फकिराचे डोळे मिटलेले होते. शकुबाईनं हंबरडा फोडला तेव्हा त्याला कळलं.

नाल्याकाठी पोराला पुरलं. मंडळीतल्या बायका घरी येऊन बसल्या, पण शकुबाईजवळ कोणी सरकेना. त्या घरात कोणाच्या तरी मनात शंका होती, अशी कुजबुज सुरू झाली होती. ती फकिराच्याही कानावर गेली.

"खरं सांग," तो तिला म्हणाला, "तू शंका घेतली होती काय?"

"घेतली. रोज घेतली." ती चुलीपुढून उठलीही नाही. "तुमच्यात तं नव्हती ना? मंग तुमची काऊन नाही आयकली त्यानं?"

फकिरा बाहेर जाऊन बसला.

पोराची माती ओली होती तोच धाकट्या मार्थाचं अंग तापलं. शकुबाईनं कोणाला विचारलं नाही. शेजारच्या देवकाबाईकडे जाऊन म्हणाली, "बाई, बंडी जुंपायले सांगा." देवकाबाईच्या घरी पोचम्मा देवीची पूजा, ख्रिस्ती घराशी तिचं येणंजाणं बेताचंच. पण तिनं लगेच नवऱ्याला हाक मारली, आपली गोधडी बंडीत अंथरली.

पोरीला उचलून शकुबाई निघाली तर फकिरा दारात उभा.

"शकू, थांब. एकदा प्रार्थना करू."

"वाटेनं करीन मी. सरका."

तो सरकला. बंडी निघाली तसा मागं मागं चालू लागला. नाल्याच्या उतारावर काळ्या चिखलात चाक आसापर्यंत रुतलं. बैल जागचे हलेनात. शकुबाईनं वळून पाहिलं. फकिरा तिथंच उभा होता, दोन्ही हात लोंबकळत. मग तो चिखलात उतरला आणि त्यानं चाकाला खांदा लावला. मानेच्या शिरा फुगल्या. ओठ हलत नव्हते. बंडी वर आली.

बेल्याच्या डॉक्टरनं सुई दिली आणि पोरीला आदिलाबादच्या सरकारी दवाखान्यात धाडलं. मार्था वाचली. पण घरी आणल्यावर आईनं हाक मारली तर तिनं वळून पाहिलं नाही. तापानं तिचे कान गेले होते.

शंकेचं फळ, असं मंडळीत बोललं गेलं. पुढच्या रविवारी फकिरा प्रार्थनेला उभा राहिला. तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. तो खाली बसला. त्यानंतर तो पुढं गेलाच नाही. मागं भिंतीला टेकून बसायचा आणि सगळ्यांबरोबर उठायचा.

नाताळाला पाळक सुधाकरराव आले. प्रचारकाचं बोलणं त्यांना आवडलं नव्हतं, पण मंडळीतली कुजबुज मिटवायची होती. ते म्हणाले, "शकुबाई, पोरगी वाचली तुमची. देवानं काय केलं त्याची साक्ष द्या."

शकुबाई उभी राहिली.

"डॉक्टरनं सुई देल्ली. देवकाबाईनं बंडी देल्ली. देवानं पाठवली असंन तं मले माहीत नाही. माह्या पोराच्या वक्ती काऊन नाही पाठवली, हे मी त्याले रोज इचारतो. आजून बोलला नाही तो. मी इचारनं सोडनार नाही."

"ही काय साक्ष झाली?" पुढच्या रांगेतून कोणी म्हणालं. पाळकांनी घाईनं गाणं सुरू केलं. पुन्हा तिला कोणी बोलायला सांगितलं नाही. ती मात्र दर रविवारी येत राहिली.

काही वर्षांनी फकिरा खंगला. छातीत दुखायचं. शकुबाई त्याला दवाखान्यात नेई आणि तो निमूट जाई. एकदा परतताना बसमध्ये त्यानं विचारलं, "तू आजूनबी बोलतं त्याच्याशी?"

"भांडतो."

"मले तं भांडताबी येत नाही आता," तो म्हणाला आणि खिडकीबाहेर कापसाच्या शेतांकडे बघत राहिला.

त्र्याण्णव सालच्या पावसाळ्यात तो गेला. नाल्याला पूर होता, पाळक येऊ शकले नाहीत. खड्ड्याभोवती लोक एकमेकांकडे बघू लागले. प्रार्थना कोण सांगणार? शकुबाई पुढं झाली. तिनं डोळे मिटले नाहीत.

"देवा, हा मानूस तुयाकडे येऊन राह्यला. तुयावर लय भरोसा होता त्याचा. त्याले शमुवेलबद्दल सांग. मले नाही सांगतलं तरी चालंन, पन त्याले सांग."

कोणीच आमेन म्हणालं नाही. शकुबाई वाकली, ओल्या मातीची मूठ घेतली आणि खाली टाकली.