कव्हरवर नाव नसलेला वादक

मी एक अल्बम बोलतोय. तसा गेली पन्नास वर्षं मी गातोच आहे, पण माझं स्वतःचं म्हणणं कुणी ऐकून घेतलेलं नाही. नऊ गाणी, दोन बाजू, नाव 'कोरडी नदी'. वाजवणारे 'पंपजॅक फोर', राहणार बेकर्सफील्ड, कॅलिफोर्निया. कव्हरवर चौघं एका ट्रकला टेकून उभे आहेत. फोटो काही खास नाही, उन्हामुळे सगळ्यांचे डोळे बारीक झालेत.

माझा जन्म १९७२च्या जुलैमधला. गावाबाहेर कोंबड्यांच्या खाद्याचं जुनं गोदाम होतं, तिथे लॉनी मीक्सने स्टुडिओ थाटला होता. कूलर घरघरतो म्हणून गाणं टेपवर घेताना तो बंद ठेवायचे. एकेक गाणं संपेपर्यंत चौघं घामाने निथळायचे आणि मग कूलरपुढे उभं राहायला भांडायचे.

गाणारा रॉइस टॅकेट, तिशीतला. देखणा होता आणि ते त्याला चांगलंच ठाऊक होतं. व्हर्जिल प्रुइट अठ्ठावन्न वर्षांचा. आठवडाभर तेलविहिरींचे पंप, म्हणजे पंपजॅक, दुरुस्त करायचा आणि शनिवारी नाचाच्या हॉलमध्ये स्टील गिटार वाजवायचा. ही गिटार गळ्यात अडकवत नाहीत. टेबलासारखी पुढ्यात ठेवायची, पायांनी पेडलं दाबायची आणि लोखंडी कांडी तारांवरून सरकवायची. माणूस हुंदका गिळतो तसा आवाज येतो.

तीस वर्षं वाजवूनही व्हर्जिलचं वाजवणं कुठेच टेपवर उतरलेलं नव्हतं. मी त्याची पहिली संधी होतो, आणि बोटं आखडायला लागली होती म्हणून शेवटचीही. तो कधी बोलून दाखवायचा नाही. त्याची बायको ओपल मात्र साऱ्या शेजारणींना सांगून मोकळी झाली होती, "आमच्या ह्यांची रेकॉर्ड येतेय."

एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये शिरू नये म्हणून लॉनीला मध्ये फळ्या उभ्या करायच्या होत्या. रॉइस ऐकेना.

"मला व्हर्जिल दिसला पाहिजे. त्याने मान हलवली की मी कडवं उचलतो. नऊ वर्षांची सवय आहे."

"अरे बाबा, हा नाचाचा हॉल नाही. उद्या काही बदलायचं म्हटलंस तर पंचाईत होईल."

"बदलायचंय कुणाला?"

झालं. व्हर्जिल रॉइसच्या उजवीकडे, दोन हातांवर बसला. नऊ गाणी दोन दिवसांत उरकली. आठवं गाणं संथ होतं. ते संपल्यावर कूलर लावायला कुणी उठलंच नाही.

महिन्याभराने रेकॉर्ड कंपनीच्या साहेबाचा फोन आला. गाणी पसंत होती, स्टील तेवढं जुनाट वाटत होतं. "लॉस एंजेलिसहून टेडी व्हान्सला पाठवतो. त्याच्याकडून वाजवून घ्या, नाहीतर रेकॉर्ड निघणार नाही." टेपवर प्रत्येकाचा ट्रॅक वेगळा होता आणि सगळे ट्रॅक भरलेले. टेडीला जागा द्यायची तर व्हर्जिलला पुसायला हवं होतं. रॉइस अर्धा तास बाहेर उन्हात उभा राहिला, मग आत येऊन म्हणाला, "पूस."

मला राग आला. अजून येतो.

व्हर्जिलला कुणी काही सांगितलं नाही. आज सांगतो, उद्या सांगतो करत रॉइसने तीन महिने काढले, आणि दर शनिवारी त्याच्याच शेजारी उभा राहून गात राहिला. माणसांना हे कसं जमतं कोण जाणे.

टेडी आला. शांत, चष्मेवाला माणूस. कानाला हेडफोन लावून त्याने आठवं गाणं ऐकलं.

"मागे कोण वाजवतंय?"

"कुणी नाही. पुसलंय ते," लॉनी म्हणाला.

"पुसलेलं नाही. गाणाऱ्याच्या माइकमध्ये बसलंय."

खरंच होतं. फळ्या नव्हत्या ना! रॉइसने पुन्हा गाऊन पाहिलं, तीनदा. पण मान सारखी उजवीकडे वळायची आणि तिथे रिकामी खुर्ची असायची. शेवटी जुनंच गाणं ठेवावं लागलं. टेडीने त्यावर छान वाजवलं. आठव्या गाण्याच्या शेवटच्या कडव्याला मात्र त्याने हात उचलले.

"इथे मी वाजवत नाही. त्याचं चाललंय, चालू दे."

नोव्हेंबरमध्ये मी छापून आलो, शेकडो प्रतींत, आणि प्रत्येक प्रत मीच. रविवारी चर्च सुटल्यावर रॉइस मला घेऊन व्हर्जिलकडे गेला. ओपलने चिकन तळलं होतं, दोन शेजारणी मुद्दाम बोलावल्या होत्या. व्हर्जिलने मला उलटं करून मागची बाजू वाचली. 'स्टील गिटार: टेडी व्हान्स.' पुन्हा वाचली. मग मला लावलं.

सात गाणी झाली, मध्ये बाजू उलटायला व्हर्जिल उठला तेवढाच. रॉइस दारातच उभा, हातात हॅट. आठव्याच्या शेवटी, रॉइसच्या आवाजामागे, अगदी बारीक, ते आलं. ओपल चटकन सरळ बसली.

"अहो, हे तुम्ही."

व्हर्जिलने मान हलवली. तबकडी थांबल्यावर त्याने सुई उचलली. मग रॉइसकडे वळून म्हणाला, "पोरा, आधी सांगितलं असतंस तर जोरात वाजवलं असतं."

रॉइस तिथेच रडला. व्हर्जिलने त्याला जेवायला बसवलं, पण 'जाऊ दे' असं काही म्हणाला नाही.

त्यानंतर हॉलमध्ये विकल्या गेलेल्या माझ्या प्रत्येक प्रतीवर रॉइस आधी पेनने व्हर्जिलचं नाव लिहायचा. व्हर्जिल शेजारी बसून बघायचा आणि म्हणायचा, "अक्षर तरी नीट काढ." सहा वर्षांनी तो गेला.

कंपनीने दुकानांत पाठवलेल्या प्रती तशाच गेल्या. त्यांतल्याच एका प्रतीतून मी आता बोलतोय. हल्ली फ्रेस्नोच्या एका जुन्या सामानाच्या दुकानात खोक्यात उभा असतो. ओरखडे फार नाहीत, वाजतो अजून.

मला घरी नेलंत तर आठव्या गाण्याला आवाज वाढवा. आणि त्याआधी पेन शोधा. कव्हरच्या मागे टेडीच्या नावाखाली जागा आहे, तिथे लिहा: व्हर्जिल प्रुइट. टेडीचं नाव खोडू नका. त्याने व्हर्जिलला वाजवू दिलं होतं.