प्लेटखालची भोकं

बाईंनी कापडी पिशवीतून ड्रम काढून टेबलावर ठेवला आणि खुर्ची ओढून बसल्या. निवृत्त मुख्याध्यापिका त्या. प्रश्न विचारला की उत्तर मिळेपर्यंत समोरच्यावरची नजर हटवायची नाही, ही त्यांची जुनी सवय.

"मिस्त्री, एकच सांगा. हा दुरुस्तीच्या लायकीचा आहे की नाही?"

मिस्त्रींनी चष्मा पुसला. वाद्यं दुरुस्त करण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली होती. हा जुन्या बांधणीचा स्नेअर ड्रम होता, एकच लाकडी फळी वाफेवर वाकवून केलेला. माळ्यावर गळक्या पाइपाखाली पडून त्याची रया गेली होती. वरचं कातडं फाटलेलं, खालच्या तारा गंजलेल्या, सांध्यापाशी लाकूड उकललेलं.

"कोणाचा?"

"माझ्या दादाचा. नाचाच्या बँडमध्ये वाजवायचा. गेल्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला त्याला. उजवा हात हलतो, पण हा हलवेल तर शपथ! व्यायामाला रबरी चेंडू दिला, तर म्हणतो, मी काय कुत्रं आहे चेंडू खेळायला?"

मिस्त्री हसले आणि कामाला लागले. कड्या सोडवल्या, कातडी काढली, नुसतं लाकडी कडं जाड काचेवर ठेवलं. आत दिवा लावून खोलीतला विझवला. खालून दोन ठिकाणी उजेडाची फट दिसली. "इथे कड खचली आहे, पण घासून सपाट होईल," ते म्हणाले. मग त्यांनी तारा ताणणाऱ्या खटक्याची प्लेट काढली आणि दिवा जवळ ओढला.

दोन भोकं असायला हवी होती, तिथे सहा होती. एकाने तर लाकूडच फाडलं होतं. शेजारी लाल पेन्सिलीची पुसट फुली होती.

ती फुली त्यांचीच होती. तेविसाव्या वर्षी, गुरूंच्या दुकानात एकटे असताना त्यांनी या ड्रमला नवा खटका बसवला होता. मोजमाप चुकलं, पुन्हा भोक पाडलं, ड्रिल घसरलं. शेवटी रुंद प्लेट लावून सगळं झाकलं. संध्याकाळी वाजवणारा आला, दोन ठोके मारून बघितले, मान हलवून गेला.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"उद्या सांगतो," मिस्त्री म्हणाले.

जेवताना त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. "झाकली मूठ सव्वा लाखाची. जुनी वाईट दुरुस्ती आहे म्हणून सांगितलं, तर खोटं तरी कुठे ठरतं?"

"त्या बाई ड्रमची लायकी विचारतायत," बायको ताटावरून मान वर न करता म्हणाली, "आणि तुम्ही स्वतःची मोजत बसलात. जाऊन सांगून टाका की."

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री लाकडी कडं बगलेत मारून बाईंच्या घरी गेले. दादा खिडकीशी खुर्चीत बसले होते, उजवा हात मांडीवर पालथा. मिस्त्रींनी उभ्याउभ्याच सगळं कबूल केलं.

दादांनी ऐकून घेतलं. झटक्यापासून ते सावकाश बोलत. "मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"त्याच आठवड्यात प्लेट सैल झाली. काढून बघतो तर खाली चाळण!"

"मग भांडायला का नाही आलात?"

"येणार होतो. पण शनिवारी नाचाला ड्रम इतका गोड वाजला, म्हटलं, भांडलो तर तू दुरुस्त करायला मागशील. आणि उरलेली वाट लावशील."

बाईंना हसू आवरेना. मिस्त्रीही हसले, पण त्यांचे कान लाल झाले होते.

"स्पष्ट सांगतो," ते म्हणाले. "जुन्या वस्तू जमवणाऱ्यांच्या दृष्टीने हा गेला. भोकं बुजवली तरी दिसणारच. वाजायचा मात्र वाजेल."

"आम्हाला विकायचाय कुठे?" बाई म्हणाल्या.

"आणि वाजवणार कोण? तू?" दादांनी तोंड फिरवलं.

मिस्त्रींनी वाद घातला नाही. त्यांनी कडं दादांच्या मांडीवर ठेवलं. "आतली आधाराची पट्टी कुठेतरी सुटली आहे. माझे कान आता पूर्वीसारखे राहिले नाहीत. तुम्ही ठोकून सांगा."

दादांनी डाव्या हाताच्या बोटाने ठोकायला सुरुवात केली. टक, टक, टक. कडं डाव्या हाताने फिरवावं, तर ठोकायला हात उरेना. जरा थांबून त्यांनी उजव्या हाताची मूठ उचलली आणि पेराने पलीकडच्या बाजूला टेकवली. टक. मग पुन्हा. बाई दारातच उभ्या राहिल्या.

"इथे," दादा म्हणाले. "इथे आवाज मेलाय. एवढ्याच वीतभर जागेत."

"मग घेऊ करायला?"

"घे. आणि ती भोकं नीट बुजव. या वेळी दोनदा मोज."

काम तीन आठवडे चाललं. मिस्त्रींनी पट्टी सरस लावून शिकंज्यात आवळली, कड घासली, त्याच जातीच्या लाकडाच्या खुंट्या करून भोकांत बसवल्या, नवं कातडं आणि नव्या तारा चढवल्या.

ड्रम घरी आला तेव्हा दादांनी दोन्ही हातांत काठ्या घेतल्या. उजवी लगेच पडली. बाईंनी ती उचलून दिली. पुन्हा पडली, तेव्हा दादा स्वतःच कण्हत वाकले. त्यानंतर ठोके आले, वेडेवाकडे, डावा पुढे, उजवा रेंगाळत मागे.

दादांनी मान तिरकी करून ऐकलं.

"तारा जास्त ताणल्यास तू," ते म्हणाले. "खटक्याचा स्क्रू अर्धा आटा सोड."

मिस्त्रींनी अर्धा आटा सोडला.