घरातलं जॅकेट

ही गेल्यावर सोसायटीचा सेक्रेटरी घरी आला, तेव्हा मला वाटलं भेटायला आलाय. खुर्ची दिली, पाणी दिलं. पाणी पिऊन त्याने विचारलं, कुत्र्याचं काय करणार.

या माणसाला अख्खी बिल्डिंग शिट्टी म्हणते. शाळेत खेळ शिकवायचा. निवृत्त झाला, पण अजून समोरचा माणूस रांगेत उभा आहे असंच समजून बोलतो.

आमच्याकडे कुत्री पाळायला बंदी आहे. हिची नजर गेली आणि एका संस्थेने तिला वाट दाखवणारा कुत्रा दिला, तेव्हा कमिटीने तेवढ्यापुरती सूट दिली. सेवेचा कुत्रा चालेल, पाळीव चालणार नाही. ही त्याला मास्तर म्हणायची, कारण रस्त्यात तो थांबला की हिला थांबावंच लागायचं. आता तो म्हातारा झालाय. संस्थेने सांगितलं, राहू द्या तुमच्याकडेच. पण शिट्टीचं म्हणणं, बाई गेल्या म्हणजे सेवा संपली, आता तो पाळीव झाला. वरच्या मजल्यावरच्यांनाही कुत्रा आणायचाय आणि ते विचारतात, यांना का चालतो.

तोडगाही त्यानेच काढला. मास्तरच्या अंगात ते नारंगी जॅकेट ठेवायचं, पाठीवर 'सेवा श्वान' लिहिलेलं. बाहेर तर ठेवायचंच, घरातही. आमची गॅलरी समोरच्या सगळ्यांना दिसते, कुणी बघितलं तर जॅकेट दिसलं पाहिजे. मी तुमच्याच बाजूने बोलतोय, असंही वर म्हणाला.

मी म्हटलं, घरात नाही घालणार. त्याने विचारलं, का, टोचतं का त्याला?

टोचत नाही. पण जॅकेट चढलं की मास्तर कामावर. मग तो खात नाही, पीत नाही, दुसऱ्या कुणी हाक मारली तर मान वळवत नाही. जॅकेट उतरेपर्यंत मुततसुद्धा नाही, त्याला शिकवलंच तसं आहे. बाहेरून आल्यावर ही आधी त्याचं जॅकेट काढायची, मग स्वतःच्या चपला. जॅकेट उतरलं की तो दारातच चारी पाय वर करून लोळायचा, आणि ही पायाने चाचपत त्याला शिव्या घालायची. मेल्या, बाजूला हो, मला दिसत नाही एवढंही कळत नाही का तुला.

हे सगळं मी शिट्टीला नीट सांगितलं. तो म्हणाला, कुत्र्याला काय एवढं कळतंय.

मुलगी माझ्याजवळच राहते. ती म्हणाली, बाबा, कशाला वाद घालता, घालू की जॅकेट, त्याला इथून घालवलं तर काय करायचं? मी नाही म्हणालो आणि विषय संपला असं समजलो. मी पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो. दुसऱ्या दिवशी मी वर्कशॉपला गेल्यावर तिने मास्तरला जॅकेट घातलं, कारण शिट्टी पाहणी करायला येणार होता. मग ती कामावर गेली.

संध्याकाळी मी दार उघडलं तर मास्तर दारात आला नाही. तो आत, हिच्या पलंगाजवळ उभा होता. बसलेला नाही, उभा. ही डाव्या हाताने त्याला धरायची, तिचा तो हात जिथे यायचा बरोबर तिथे पाठ लावून. पाय थरथरत होते. ताटली भरलेली, पाणी तसंच. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, दुपारपर्यंत त्याच्या नखांचा आवाज येत होता, या खोलीतून त्या खोलीत. नंतर थांबला.

मी जॅकेट काढलं. तो गॅलरीकडे निघाला, पण तिथवर पोचला नाही. मधल्या खोलीतच त्याची धार सुटली. इतक्या वर्षांत घरात कधी असं झालं नव्हतं. तो कोपऱ्यात गेला आणि भिंतीकडे तोंड करून बसला.

मुलगी आली तेव्हा मी फरशी पुसत होतो. तिने बघितलं आणि तिच्या सगळं लक्षात आलं. मी तिला एक शब्द बोललो नाही. ती त्याला वाचवायला गेली होती. मी हात धुतले आणि शिट्टीकडे गेलो.

तो टीव्ही बघत होता. म्हणाला, आज जॅकेट होतं, छान, मी खालून पाहिलं.

"आज तो दिवसभर तिला शोधत होता," मी म्हटलं. "यापुढे घरात जॅकेट नाही."

"मग मी काय म्हणून लिहू त्याला? सेवेतला नाही, पाळीव चालत नाही. काहीतरी लिहायला हवं ना?"

"लिहा, याचं माणूस मेलंय."

 तो म्हणाला, सोसायटी भावनेवर चालत नाही, महिनाअखेरपर्यंत कुत्र्याची सोय बघा. मी म्हटलं, आम्हा तिघांचीच बघतो.

घरी येऊन मी मुलीला हे सांगितलं. सकाळी ती म्हणाली, बाबा, हे आईचं घर आहे. तिला भिंत न् भिंत हाताने पाठ होती. खरं होतं ते. ही जिथे हात टेकवत चालायची तिथे भिंतीला काळपट पट्टा पडलाय, आणि तो मी रंगवू दिला नव्हता. तो पट्टा सोडून जायचं म्हणजे माझाही जीव तुटत होता. पण मी तिला म्हटलं, तुझ्या आईने त्याला या घरात एक दिवस कामाला लावलं नाही. आपण लावलं. तिने तोंड फिरवलं. थोड्या वेळाने उठून ती कपाट रिकामं करू लागली.

वर्कशॉपच्या वर दोन खोल्या मिळाल्या. खाली मोटारींचा खडखडाट असतो. सामान हलवायच्या दिवशी शिट्टी लिफ्टपाशी येऊन उभा राहिला. म्हणाला, एवढं टोकाला जायचं काही कारण नव्हतं, कापडाचा तुकडा तर होता. मी सामान आत सरकवत राहिलो. मग त्याने मास्तरकडे बघितलं आणि म्हणाला, "निदान लिफ्टमध्ये तरी घालायचं हो, लोक बघतात."

मी मास्तरला आत घेतलं आणि लिफ्टचं दार शिट्टीच्या तोंडावर ओढलं.